दाणा धरताना

हिवाळ्यातल्या रात्री दौंड तालुक्याच्या केडगाव-राहू पट्ट्यातून जाताना आधी वास येतो, मग उजेड दिसतो. चुलवणात चिपाडाचा जाळ, वर काहिलीत रटरटणारा रस आणि कडेला उभा गुळव्या. सगळे गुऱ्हाळ त्याच्या तोंडाकडे पाहत असते. तो पळीभर पाक थंड पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी करतो, दाबून पाहतो आणि मान हलवतो. मग धावपळ उडते. काहील उतरते, पाक वाफ्यात जातो, आणि निवता निवता त्यात रवा धरतो. दोन मिनिटे उशीर झाला तर गूळ करपतो. दोन मिनिटे घाई झाली तर ढेप उन्हाळ्यात पाझरायला लागते.

रवा का धरतो, असे गुळव्याला विचारले तर तो उसाबद्दल बोलतो. ऊस पक्का हवा, ताजा हवा, तोडून दोन-तीन दिवस पडलेला शिळा ऊस नको. चुना बेताने हवा. हे सगळे बरोबर आहे. ऊस शिळा झाला की त्यातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. हे दोघे साखरेच्या रेणूंना रांगेत नीट बसू देत नाहीत. चुना रसातला आंबटपणा मारतो आणि ही फूट रोखतो. रेणू हा शब्द न उच्चारता गुळव्या रेणूंचेच राजकारण सांभाळत असतो.

हेच काम पाटसच्या भीमा किंवा न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्यात पॅनमन करतो, मोठ्या भांड्यात आणि निर्वात दाबाखाली. पॅनमधला नमुना काचेच्या पट्टीवर घेऊन तो दिव्यासमोर धरतो. दाणे एकसारखे आहेत का, मध्येच नको असलेला बारीक दाणा उठला आहे का, हे डोळ्यांनी पाहतो. शिळ्या उसाचा त्रास इथेही होतोच, पण वेगळ्या रूपात. पडून राहिलेल्या उसात जिवाणू डेक्स्ट्रॅन नावाची चिकट साखळी तयार करतात. ती दाण्याच्या काही बाजूंना चिकटून त्या बाजूंची वाढ अडवते. मग चौकोनी, ठसठशीत दाण्याऐवजी लांबट, सुईसारखा दाणा येतो. एका रेणूने दुसऱ्याला कुठे बसू द्यायचे, यावर पोत्याचा भाव ठरतो.

शिरूर-दौंडच्या या कारखान्यांपासून शंभरेक किलोमीटरच्या आत, पुण्यात पाषाण रस्त्याला, याच प्रश्नावर वेगळ्या माणसांनी सहा-सात दशके डोके चालवले. या दोन जगांची एकमेकांशी भेट फारशी झाली नाही, आणि मला त्याचे नेहमी नवल वाटत आले आहे.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पायाभरणी ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते झाली. उद्‌घाटन नेहरूंनी केले, ३ जानेवारी १९५० रोजी. पहिले संचालक जेम्स मॅकबेन साबण आणि कलिलांचे तज्ज्ञ होते. १९५२ मध्ये त्यांच्या जागी जॉर्ज इंगल फिंच आले, आणि पुण्याला एक अजब माणूस मिळाला.

फिंच मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्यांचे शिक्षण झुरिकला झाले आणि नोकरी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात. लोक त्यांना ओळखत ते मात्र गिर्यारोहक म्हणून. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत त्यांनी प्राणवायूच्या नळकांड्या पाठीला बांधून सत्तावीस हजार फुटांच्या वर मजल मारली. तोवर इतक्या उंचीवर कोणी चढले नव्हते. अंगात त्यांनी स्वतः बेतलेला पिसांचा कोट होता. सोबत्यांना तो विनोदी वाटला. आज तसल्या कोटाशिवाय कोणी हिमालयात पाऊल टाकत नाही. प्राणवायूवरून तर तेव्हाच्या इंग्रज गिर्यारोहकांत मोठा वाद झाला, कारण अनेकांना ती फसवणूक वाटे. १९२४ च्या मोहिमेत फिंचना घेतलेच नाही. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर उभे राहिले तेव्हा त्यांच्या पाठीवर प्राणवायूच होता, आणि फिंच त्या वेळी पुण्याच्या प्रयोगशाळेचे संचालक होते.

रसायनशास्त्रात त्यांचे हत्यार होते इलेक्ट्रॉनांचे विवर्तन. स्फटिकावर किरण टाकले की आतल्या रेणूंच्या रांगांवरून ते ठरावीक दिशांना फुटतात, आणि त्यांनी उमटवलेल्या ठिपक्यांवरून आतली मांडणी उलगडते. क्ष-किरण स्फटिकात खोलवर जातात, इलेक्ट्रॉन पृष्ठभागाशीच थबकतात. घासलेल्या धातूचा किंवा पातळ थराचा वरचा पापुद्रा आतून कसा असतो, हे फिंचनी इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने पाहिले. पुण्यातली त्यांची कारकीर्द पाचच वर्षांची, १९५७ पर्यंतची. पण पदार्थ बाटलीत ओळखण्यावर थांबू नये, त्याची आतली रांगही पाहावी, ही दृष्टी या शहरात रुजायला तेव्हापासून सुरुवात झाली.

योगायोग असा, की १९५२ मध्येच एडिंबराच्या बीव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या रोजच्या साखरेच्या स्फटिकाची रचना क्ष-किरणांनी मांडली. तरी एक गोष्ट निसटत होती. हायड्रोजनच्या अणूपाशी एकच इलेक्ट्रॉन असतो, त्यामुळे क्ष-किरणांना तो जवळजवळ दिसतच नाही. आणि साखर तर हायड्रोजनच्याच आधाराने उभी असते. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत ब्राउन आणि लेव्ही यांनी क्ष-किरणांऐवजी न्यूट्रॉन वापरले, आणि एकेक हायड्रोजन कुठे बसला आहे ते दाखवून दिले. साखरेच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या आहेत. त्यातल्या दोन जोड्या त्याच रेणूतल्या ऑक्सिजनला धरून बसतात आणि रेणूला घडी घालतात. बहुतेक बाकीच्या शेजारच्या रेणूंकडे हात पुढे करतात. या पकडीला हायड्रोजन बंध म्हणतात. अणू-अणूंमधल्या पक्क्या बंधापेक्षा ती वीसेक पट कच्ची असते. पण अशा असंख्य कच्च्या पकडी एका शिस्तीत आल्या की दाताखाली कुरकुरणारा दाणा होतो.

याहून कच्च्या पकडीवरून तर मोठे भांडण झाले. कार्बनला जोडलेला हायड्रोजनही ऑक्सिजनला धरतो का? १९६२ मध्ये जून सूटर या न्यूझीलंडच्या स्फटिकशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमध्ये काम करताना स्फटिकांच्या मोजमापांवरून सांगितले की धरतो. १९६८ मध्ये जेरी डोनोह्यू या बड्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते खोडून काढले. बाईंचे म्हणणे बाजूला पडले आणि पुढे कोणी त्या वाटेला फारसे गेले नाही. १९८२ मध्ये केंब्रिजच्या टेलर आणि केनार्ड यांनी न्यूट्रॉनने मोजलेल्या शंभराहून अधिक स्फटिकांची आकडेवारी तपासली, तेव्हा सूटर बरोबर ठरल्या. नाव मोठे असले की चूकही चौदा वर्षे टिकते, ही गोष्ट आपल्याकडेही काही नवी नाही.

ती विस्कटलेली वाट भारतात ज्याने पुन्हा मळवली त्याचे पदवी शिक्षण मुंबईतले. गौतम देसिराजू १९७२ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयातून बीएस्सी झाले, १९७६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएचडी घेतली, आणि परत आल्यावर १९७९ पासून हैदराबाद विद्यापीठात तीस वर्षे काढली. विद्यापीठ नवे होते आणि यंत्रे तोकडी होती. देसिराजूंनी दुसऱ्यांनी मोजून छापलेल्या हजारो स्फटिकरचनांचा संग्रह वाचायला घेतला, आणि कुठले रेणू एकमेकांना कुठे धरतात, याच्या वारंवार दिसणाऱ्या तऱ्हा शोधल्या. १९८९ मध्ये त्यांचे स्फटिक अभियांत्रिकीवरचे पुस्तक आले. १९९५ मध्ये त्यांनी या तऱ्हांना नाव दिले, सुप्रामॉलिक्युलर सिंथॉन. शब्द जिभेला जड आहे, कल्पना सोपी: गवंड्याला जसा विटांचा सांधा ठाऊक असतो, तसे रसायनशास्त्रज्ञाला रेणूंचे सांधे ठाऊक असावेत, म्हणजे हवा तसा स्फटिक बांधता येईल. १९९९ मध्ये थॉमस स्टायनर यांच्यासोबत त्यांनी कच्च्या हायड्रोजन बंधांवर ग्रंथ लिहिला. २०११ मध्ये जागतिक रसायन संघटनेने हायड्रोजन बंधाची व्याख्या नव्याने केली, तीत कार्बनकडच्या हायड्रोजनलाही जागा मिळाली. त्या समितीचे प्रमुख बंगळूरचे ई. अरुणन होते आणि देसिराजूही तिच्यात होते. त्याच वर्षी देसिराजू आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाचे अध्यक्ष झाले.

हैदराबादेत रेणूंच्या पकडींची यादी होत असताना पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात श्रीधर गद्रे वेगळ्या बाजूने त्याच प्रश्नाला भिडले होते. रेणू एकमेकांना धरतात हे पाहून कळते, पण कुठे धरतील हे आधी गणिताने सांगता येईल का? रेणूभोवती विद्युत विभवाचा एक प्रदेश असतो. कुठे धन भार, कुठे ऋण भार. गद्रे यांनी त्या प्रदेशाचा नकाशा डोंगराळ मुलखासारखा वाचला: शिखरे, दऱ्या, खिंडी. दरी जिथे खोल, तिथे दुसऱ्या रेणूचा हायड्रोजन येऊन बसण्याची शक्यता जास्त. १९९० मध्ये त्यांनी पुण्याच्याच राजीव पाठक यांच्यासोबत सिद्ध केले की या मुलखात अणुकेंद्रे सोडून दुसरे शिखर असूच शकत नाही. बाकी सगळ्या दऱ्या आणि खिंडी. सह्याद्रीच्या कुशीतल्या शहरात हे सिद्ध व्हावे, याची मला गंमत वाटते. फिंचनाही वाटली असती. १९९३ मध्ये गद्रे यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

अडचण होती ती मोठ्या रेणूंची. अणू दुप्पट झाले की हिशेब दुप्पट होत नाही, कित्येक पटींनी वाढतो, आणि त्या काळचे संगणक लहान. गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर शिंप्याची युक्ती काढली. मोठा रेणू तुकड्यांत कापायचा, पण कापताना शिलाईसाठी कापड सोडतात तसे तुकडे एकमेकांवर थोडे चढते ठेवायचे. प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा करायचा आणि मग सगळे जोडायचे. दोनदा मोजला गेलेला भाग वजा करायचा. १९९४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीला त्यांनी नावही तेच दिले: मॉलिक्युलर टेलरिंग. जागतिक विज्ञानात नाव करणारी पद्धत शिवणकामाच्या भाषेत सांगता यावी, यात पुण्याच्या काटकसरीचाही थोडा वाटा असावा.

पुढे हीच कात्री एका जुन्या अडचणीवर चालली. एकाच रेणूच्या आत असलेल्या हायड्रोजन बंधाची ताकद मोजायची कशी? दोन वेगळे रेणू असतील तर त्यांना लांब नेऊन फरक पाहता येतो, पण एकाच रेणूचे दोन हात लांब कसे नेणार? तुकडे करून नेता येतात. २००६ मध्ये गद्रे यांच्या गटाने ते करून दाखवले, आणि २००८ मध्ये हीच पद्धत शर्करांवर वापरली. निष्कर्ष असा निघाला, की शर्करेतले हायड्रोजन बंध एकटे वागत नाहीत. साखळीत एकाने दुसऱ्याला धरले की दुसऱ्याची तिसऱ्यावरची पकड घट्ट होते. केडगावच्या गुऱ्हाळावर जे रात्रभर घडत असते त्याचा एक धागा पुण्यात संगणकावर असा मोजला गेला.

पाषाणच्या प्रयोगशाळेत त्याच सुमाराला शर्करेच्या एका चुलतभावावर काम चालले होते. इनॉसिटॉल नावाचा हा रेणू चवीला गोडसर असतो. त्याच्या कड्याभोवती सहा हात, जवळजवळ सारखेच, म्हणून नेमका एकच हात पकडून रसायन करणे कठीण. म्हैसूर शशिधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९० च्या दशकाच्या शेवटी दिसले की इनॉसिटॉलपासून बनवलेल्या एका पदार्थाच्या स्फटिकातच अभिक्रिया घडते. द्रावणात सगळा गोंधळ होई. स्फटिकात रेणू अशा रांगेत बसलेले, की एकाचा गट शेजाऱ्याच्या नेमक्या हातावर जाऊन पडे. रांगेत उभे राहून पाण्याच्या बादल्या पुढे द्याव्यात तसे. प्रयोगशाळेतले स्फटिकशास्त्रज्ञ मोहन भडभडे आणि राजेश गोन्नाडे यांनी या रांगा क्ष-किरणांनी उलगडल्या. एकच पदार्थ दोन वेगळ्या रांगांत बसतो, आणि तापवले की एका रांगेतून दुसरीत जातो, हेही त्यांनी २००४ मध्ये दाखवले.

एकच पदार्थ आणि दोन रांगा. इथून गोष्ट परत दौंडकडे वळते.

दौंड स्टेशनापासून सोलापूर रस्त्याला लागले की कुरकुंभची औद्योगिक वसाहत येते. गेल्या काही दशकांत इथे रसायने आणि औषधांचे कारखाने उभे राहिले. सिप्लाचा मोठा कारखाना इथेच आहे. ज्वारीच्या आणि उसाच्या रानांत स्टीलच्या रिअॅक्टरांचे जंगल वाढले. औषधाच्या कारखान्यात शेवटचे आणि सर्वांत नाजूक काम पॅनमनचेच असते: द्रावण निववून दाणा धरायला लावणे.

दाणा चुकला तर काय होते, हे जगाने १९९८ मध्ये पाहिले. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचे औषध अमेरिकेतल्या अॅबट कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणले होते. दोन वर्षांनी अचानक कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. औषध तेच, रेणू तोच, पण त्याने नवी रांग धरली होती. या रांगेत हायड्रोजन बंध अधिक पक्के होते, त्यामुळे औषध पोटात नीट विरघळेना. एकदा ही नवी रांग कारखान्यात आली की जुनी पुन्हा जमेना. डोळ्यांना न दिसणारा कण हवेत उडून दुसऱ्या भांड्यात पडला, तरी त्याने सगळ्या घाण्याला आपल्यासारखे करून टाकावे. हे विरजण आहे, दुसरे काय. चांगल्या दुधाच्या पातेल्यात चुकीचे विरजण पडले की दही त्याच्यासारखेच लागते. कंपनीला कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी थंड जागेत ठेवायचे नवे रूप आणावे लागले.

जगभरच्या औषध कंपन्यांना तेव्हा कळले की स्फटिकाची रांग ही पैशांची गोष्ट आहे. रांगेवरही पेटंट घेता येते. भारतात हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हार्टिसचे रक्ताच्या कर्करोगावरचे ग्लिव्हेक, त्यातला रेणू इमॅटिनिब. कंपनीने १९९८ मध्ये या औषधाच्या बीटा नावाच्या स्फटिकरूपावर पेटंट मागितले. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन विरोधात उभी राहिली, सिप्लासारख्या देशी कंपन्याही. ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे १ लाख २० हजार रुपये होता आणि देशी गोळ्यांचा आठ-दहा हजार. नवे स्फटिकरूप कमी ओल धरते, जास्त स्थिर आहे, असे कंपनीचे म्हणणे. २००५ मध्ये पेटंट कायद्यात सुधारलेले कलम ३ (ड) म्हणत होते, की ज्ञात पदार्थाचे नवे रूप आले तर त्याने उपचाराचा गुण वाढायला हवा. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला. दाणा चांगला वाहतो, ओल कमी धरतो, यावरून रोगी लवकर बरा होतो असे सिद्ध होत नाही. पेटंट नाकारले गेले.

रेणूंच्या पकडींवर इतकी मोठी कायदेशीर चर्चा आपल्या देशात आधी झाली नव्हती. तो निकाल वाचताना मला राहून राहून न्हावऱ्याचा पॅनमन आठवत होता. त्याला विचारले असते तरी त्याने सांगितले असते, की दाणा ठसठशीत झाला म्हणून साखर जास्त गोड होत नाही.

२०१६ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संचालकपदी अश्विनी नांगिया आले. ते देसिराजूंचे हैदराबादचे सहकारी आणि औषधी स्फटिकांत मुरलेले. त्यांच्या हैदराबादच्या गटाने २०११ मध्ये हळदीतल्या कर्क्युमिनची दोन नवी स्फटिकरूपे प्रसिद्ध केली होती. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून अंगी लागत नाही. एका नव्या रूपात ते बरेच लवकर विरघळत होते. दुसऱ्या एखाद्या निरुपद्रवी रेणूसोबत औषधाचा जोडस्फटिक करायचा, आणि पोटात गेल्यावर औषध मोकळे व्हावे अशी पकड ठेवायची, ही त्यांची वाट. फिंच गेल्यानंतर जवळजवळ सहा दशकांनी स्फटिकाच्या आतली रांग वाचणारा माणूस पुन्हा त्या खुर्चीत बसला.

साखर कारखान्यात पॅनमध्ये दाणा उठवायचा असतो तेव्हा आपोआप उठण्याची वाट पाहत नाहीत. अगदी बारीक दळलेली साखर स्पिरिटात कालवून ती वाटीभर पॅनमध्ये सोडतात, आणि तिच्या कणांभोवती नवा दाणा धरतो. औषध कारखान्यातही हीच रीत. रिअॅक्टर निवत असतो, तापमानाचा काटा हळूहळू उतरतो, आणि ठरलेल्या अंशाला आधीच्या घाण्यातले मोजून ठेवलेले पिठूळ औषध वरच्या तोंडातून आत सोडतात. योग्य त्या रांगेचे. त्याची बरणी कुलूपबंद कपाटात असते, आणि ती कोणी, कधी काढली याची वहीत सही होते.